सामाईक बिल्ला

"पहिल्या डोसाला ताप आला होता का, मावशी?"

एस्तेर सिस्टरनं हे विचारलं तेव्हा सुई टोचून झाली होती. हौसाबाई नरुटे दंडावर कापूस दाबून बसली होती. पदराचं टोक दातात, मास्क हनुवटीवर.

"थोरलीला आला हुता," ती म्हणाली. "दुसरा दीसभर उठली न्हाई म्हनं. आता माझी काय गत हुती बगायची."

सिस्टरला वाटलं, बाई घरातल्या कुणाचं तरी सांगतेय. तिनं मान हलवली, अर्धा तास मांडवात बसायला सांगितलं आणि पुढचीला हाक मारली. शेजारच्या टेबलावर मी नावांपुढं खुणा करत होते. माझं पेन मात्र तिथंच थांबलं. आताच ज्या नावापुढं मी खूण केली होती ते नाव हौसाबाईचं नव्हतं. तिच्या थोरल्या जावेचं होतं. आक्काताई नरुटे, बिल्ला नंबर सत्तेचाळीस, दुसरा डोस.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि तासगावच्या पुढं माळावर असलेल्या एका बेदाण्याच्या कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळत होते. गावोगावच्या शेडांवर द्राक्षं वाळून बेदाणा झाली की आमच्याकडं यायची. धुऊन, निवडून, खोक्यांत भरून परदेशी जायची. निवडायचं काम बायांचं. लांबलचक टेबलांवर सोनेरी राशी ओतलेल्या, दोन्ही बाजूंना सव्वाशे बाया, आणि त्यांची बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं, कणसावर चिमण्या उतरल्यात. काडी बाजूला, देठ बाजूला, खडा बाजूला, करपलेला दाणा बाजूला.

या बाया कारखान्याच्या नव्हत्या, दस्तगीर मुकादमाच्या होत्या. कंत्राट त्याचं. हजेरीची रीतही त्याचीच, वीस वर्षं चालत आलेली. प्रत्येकीला पत्र्याचा एक गोल बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. सकाळी गेटवर माझ्या खिडकीत बिल्ला द्यायचा, संध्याकाळी परत घेऊन घरी न्यायचा. बिल्ला आला म्हणजे माणूस आलं. चेहरा कुणी बघत नसे.

सत्तेचाळीस नंबर रोज यायचा. कधी एक दिवस चुकला नाही. फक्त त्याच्यामागं बाया दोन होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार आक्काताईचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार हौसाबाईचे. रविवारी कारखाना बंद. नाव मुकादमाच्या वहीत एकट्या आक्काताईचं. मुकादमाला हे ठाऊक होतं, सगळ्या शेडला ठाऊक होतं. दिवाळीला साडी मिळाली तर एका वर्षी थोरली नेसायची, पुढच्या वर्षी धाकटी. मला वाटायचं, घरी कुणी आजारी असेल, एकीला थांबावं लागत असेल. मी विचारलं नव्हतं.

आज कुणाचा वार आहे ते मला खिडकीतून न बघताही कळायचं. दहाच्या सुमाराला शेडमध्ये कुणीतरी ओवी सुरू करायचं आणि आवाज पत्र्याखालून घुमत माझ्यापर्यंत यायचा. आक्काताई असली की जाडसर, खाली बसलेल्या आवाजात:

बेदाण्याच्या गं राशीला, काडी काडी मी वेचिते
माज्या जिवाचं गुपित, बाई कुनाला सांगते

आणि हौसाबाई असली की उंच, जरा कापऱ्या आवाजात:

नदीला गं दोन काठ, दोन्ही काठ शेजारी
एक काठ हाक मारी, दुजा ऐके दुपारी

दोघी एकमेकींची ओवी कधी गात नसत. काडीची ओवी म्हणजे सोमवार, नदीची ओवी म्हणजे मंगळवार, असं माझं कॅलेंडर होतं.

त्या वर्षी गेटवर दोन नोटिसा लागल्या. पहिली कोरोनाच्या लसीची. माल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाची अट होती, म्हणून साहेबांनी काढलेली. दोन डोस झालेल्यांनाच एक ऑक्टोबरपासून गेटच्या आत घेतलं जाईल. त्यासाठी आरोग्य केंद्राची माणसंच कारखान्यात येऊन टोचणार होती, जूनमध्ये पहिला डोस, सप्टेंबरात दुसरा. दुसरी नोटीस कंत्राटाची. त्याच तारखेपासून मुकादम बंद, पुण्याची एजन्सी येणार. बिल्ले जमा करायचे. प्रत्येकीला फोटोचं कार्ड, अंगठ्याचं मशीन, एका नावावर एकच माणूस. यादी सप्टेंबरात बंद होणार. नंतर कुणी काम सोडलं तरच त्या जागी नवीन घेणार. आणि दुसऱ्याच्या नावावर काम करताना कुणी सापडलं तर दोन्ही नावं कायमची काढणार. यादी करायचं काम माझ्याकडं होतं.

आता जे झालं ते इतकं सरळ होतं की मला आधी हसू आलं. जूनमधलं शिबिर सोमवारी होतं. सोमवार आक्काताईचा, म्हणून आक्काताईनं टोचून घेतलं. सप्टेंबरातलं मंगळवारी आलं. मंगळवार हौसाबाईचा, म्हणून ती थोरलीचं आधार कार्ड घेऊन, तोंडाला मास्क लावून रांगेत उभी राहिली. कारखान्यानं सत्तेचाळीस नंबरला दोन सुया दिल्या, जावा दोन, एकेकीला एक.

हसू फार टिकलं नाही. एप्रिलमध्ये निवडणीच्या टेबलावरच्या तीन जागा रिकाम्या झाल्या होत्या. त्यांचे बिल्ले अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होते.

मी मुकादमाला बाजूला घेऊन सांगितलं. तो बिडी विझवत राहिला. त्याचं स्वतःचंच कंत्राट पंधरा दिवसांनी जाणार होतं, पण त्याला काळजी या दोघींची. त्याचं म्हणणं, कागद पुरा झालाय ना, मग बोलायचंच नाही. आक्काताईला कार्ड मिळेल, एक घर तरी चालेल. उगाच सत्य सांगायला गेलीस तर दोघी जातील, आणि एवढी वर्षं गेटवर बसून तुला दिसलं कसं नाही असं विचारतील तेव्हा तूही जाशील.

त्याचं काही चुकीचं नव्हतं. मी खुर्चीवर येऊन बसले. दहा-बारा नावांवर खुणा केल्या. मांडवात हौसाबाई बसली होती, दंड चोळत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं हसून बघत. आपल्या वाटणीचं आपल्याला मिळालं, असं समाधान तिच्या तोंडावर होतं.

मी सिस्टरला सांगितलं.

एस्तेर सिस्टर मिरजेच्या मिशनमध्ये शिकलेली, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "सुई नावाला टोचत नाहीत गं, दंडाला टोचतात." आणि हिशेब मांडल्यासारखं सांगत गेली. माळावर रेंज नव्हती, म्हणून नावं वहीत लिहून रात्री केंद्रावर जाऊन भरायची होती. वही अजून तिच्या हातात होती. हौसाबाईचं स्वतःचं आधार मिळालं तर आजची सुई तिच्या नावावर पहिली म्हणून लिहिता येईल, तेच खरं आहे. आणि थोरलीला आज इथं आणलं तर तिची दुसरी पुरी होईल. कोण कुठल्या बिल्ल्यावर काम करतं हा प्रश्न आरोग्य केंद्राचा नाही. शेवटची बाटली फोडून झालेली होती, तीत एक डोस जास्तीचा निघत होता, आणि साडेपाचनंतर ती तिला फेकून द्यावी लागणार होती.

तेव्हा पावणेचार झाले होते. मी साहेबांना सांगितलं, एका बाईचं आधार कार्ड घरी राहिलंय, घेऊन येते. हे खोटं नव्हतं. हौसाबाईला विचारलं तर ती दचकली. माझं कशाला, माझं पत्र्याच्या पेटीत हाय, मालक घरी असतील, पण तुम्ही त्यांच्याकडं जाऊ नका, आधी थोरलीला भेटा. एवढंच म्हणाली आणि शेडकडं निघाली. जाता जाता वळून म्हणाली, "तिला भ्या घालू नका. ती लगेच भितीया."

नरुटे वस्ती नऊ किलोमीटर. स्कूटी खडीवरून उड्या मारत होती. दोन्हीकडं द्राक्षबागा, छाटणीच्या आधीच्या, पानं पिकलेल्या. ओढ्यापलीकडं वस्ती लागली आणि मला आधी घर दिसायच्या ऐवजी भिंत दिसली.

एकच लांब कौलारू घर होतं. त्याच्या बरोबर मधून एक भिंत निघाली होती, अंगण कापून, लिंबाच्या झाडाला खेटून, पार गोठ्यापर्यंत. पुरुषभर उंच, लाल विटांची, गिलावा नसलेली. झाडाचा बुंधा अलीकडं आणि सगळी सावली पलीकडं.

आक्काताई शेळीपुढं पाला टाकत होती. मला बघितल्याबरोबर तिच्या हातातला डहाळा पडला.

"धाकटीला काय झालं?"

काही झालं नाही म्हणून मी तीनदा सांगितलं तेव्हा कुठं ती दगडावर बसली. मग मी तिला सुयांचा घोटाळा समजावला. तिनं शांतपणे ऐकलं, पण घोटाळा कुठं झाला ते तिला काही केल्या कळेना. पहिली आपण घेतली, दुसरी तिनं घेतली, मग चुकलं कुठं? आता अजून एक घ्यायची म्हणजे तिच्यापेक्षा एक जास्त होणार. तिसरी सुई आपण एकटीनं घ्यायची, हे बरोबर दिसत नाही.

"तिलाही मिळणार आहे, मावशी. तीन महिन्यांनी. तिच्या नावावर."

"तिच्या नावावर?" आक्काताईनं मान वर केली. "मंजे कामाला बी तिचं नाव लागंल?"

तेव्हा मला कार्डाचं सांगावं लागलं. एका नावावर एकच माणूस. यादी या आठवड्यात बंद होणार, दोन सुया पुऱ्या झालेल्यांचीच नावं तीत लागणार. म्हणजे तिचंच लागणार, हौसाबाईचं नाही.

ती बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. म्हणाली, तिनं आज सुई घेतलीया. माझी जूनमधली तिच्या नावावर चढवा. तिच्या दोन पुऱ्या हुतील. तिचंच कार्ड काढा. मी घरी बसते, माझं वय झालंय.

घड्याळात साडेचार वाजत आले होते. मी म्हटलं, ते सिस्टरला विचारू, पण त्यासाठीसुद्धा हौसाबाईचं आधार लागेल. ते तिच्या घरात आहे. मी जाऊन मागते.

"तुमी नगा," आक्काताई उठली. "तुमी परक्या. उगं भांडान वाटंल त्येंना."

ती भिंतीशी गेली. लिंबाच्या बुंध्याजवळ, छातीच्या उंचीवर, एक वीट बसवायची राहिली होती. गवंड्यानं मुद्दाम सोडली की विसरला, कोण जाणे. हात जाईल एवढं भोक. त्याच्या खालच्या कडेला वीट घासून गुळगुळीत झालेली होती, देवळाच्या उंबऱ्यासारखी. मला तेव्हा कळलं की सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला रोज संध्याकाळी कुठं ठेवला जातो आणि रोज सकाळी कुठून उचलला जातो.

आक्काताईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. भोकाशी तोंड नेलं. दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

"भावजी," ती म्हणाली.

पलीकडं खाट करकरली. मग काहीच नाही.

"भावजी, धाकटीचं आधार कारट पायजे. पेटीत हाय."

पलीकडून एक जाड आवाज आला, इतका हळू की त्या माणसाला आपला आवाज आपल्यालाच नवीन वाटत असावा.

"तिला काय झालं, वैनी?"

"काय न्हाई. सुई टोचलीया. बरी हाय."

पावलं गेली. पेटीचं झाकण वाजलं. पावलं आली. मग त्या भोकातून एक हात बाहेर आला, काळा, नखांत माती, आणि त्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं आधार कार्ड. हात चुकूनही इकडंतिकडं चाचपडला नाही. भोक कुठं आहे, किती मोठं आहे, त्याला पुरतं माहीत होतं.

आक्काताईनं कार्ड घेतलं. हात मागं गेला नाही, तिथंच राहिला थोडा वेळ, कडेवर टेकलेला. मग गेला.

स्कूटीवर ती माझ्यामागं दोन्ही हातांनी माझा खांदा धरून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. ओढा ओलांडला. मग वाऱ्यात तिचं बोलणं तुटक तुटक येत राहिलं. विहिरीच्या पाण्यावरून भाऊ भांडले. रात्रीचं पाणी कुणाचं, दिवसाचं कुणाचं. अकरा वर्षं झाली. गावातल्या चार माणसांपुढं दोघांनी शपथ घातली, या घरचं त्या घरी बोलायचं नाही. बायकांनी तर नाहीच.

"वाटनीत समदं वाटलं," ती म्हणाली. "भांडी, शेरडं, जातं सुदिक. जात्याची खालची पाळ त्येंच्याकडं, वरची आमच्याकडं. कुनालाच दळता येत न्हाई. माझ्या कामाचं मातुर कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. मी म्हटलं, बिल्ला सामाईक ठिवायचा."

मला वाटत होतं, तिनं जावेला गरज म्हणून अर्धं काम दिलं. मी तसं म्हटलंही.

"गरज कुनाला न्हाई?" ती म्हणाली. "ती माझ्या हाताखाली नांदायला आली तवा सोळा वर्साची हुती. मी तिची येनी घालायची. आता बोलायचं न्हाई मंजे न्हाई. पन सांच्याला बिल्ला भोकात ठिवला की तिला कळतंय, मी आलीया. सकाळी मी बगायची, बिल्ला न्हाई, मंजे ती उठली, ती बरी हाय." मग म्हणाली, "फोटूचं कारट त्या भोकात ठिवून काय करू? माझंच त्वांड."

मी स्कूटीचा वेग वाढवला.

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही गेटात शिरलो. सिस्टर बाटली समोर ठेवून बसली होती. आक्काताईनं खुर्चीत बसल्या बसल्या आपली मागणी तिच्यापुढं मांडली, जूनमधली सुई धाकटीच्या नावावर चढवायची. सिस्टरनं पूर्ण ऐकलं.

"हा सातबारा नाही, मावशी, फेरफार करायला," ती म्हणाली. "दंड पुढं करा."

तिनं दंड पुढं केला. सिस्टरनं वहीत एक ओळ खोडली, दोन नवीन लिहिल्या, खोडलेल्या ओळीशेजारी सही केली. मग म्हणाली, आता अर्धा तास मांडवात बसायचं. नियम आहे.

मांडवात आता कुणी नव्हतं. वीस-पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आक्काताई मधल्या एका खुर्चीवर टेकली. तेवढ्यात शेडचा भोंगा झाला, बाया बाहेर पडायला लागल्या. हौसाबाई हात पुसत आली आणि मांडवाच्या तोंडाशी थबकली. तिच्यामागून येणाऱ्या बाया थबकल्या. एवढ्या वर्षांत त्या दोघींना एका ठिकाणी कुणी बघितलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, आज सत्तेचाळीसला दुप्पट हजेरी लावा गं कारकूनबाई. कुणी हसलं, आणि मग कुणाला काय वाटलं, सगळ्या हळूहळू गेटाकडं निघून गेल्या.

हौसाबाई येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. दोघी समोर बघत होत्या. मी खिडकीत बसून बघत होते, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मग आक्काताईचा हात उठला आणि हौसाबाईच्या केसांत गेला. तिनं तिथून काहीतरी काढलं, दोन बोटांत धरून बघितलं आणि बाजूला टाकलं. बेदाण्याची काडी असणार. मग दुसरी काढली. मग हात तिथंच राहिला.

सिस्टरनं सामान डब्यात भरलं. जीपवाला घाई करत होता. ती माझ्या खिडकीशी आली. "झाला का गं अर्धा तास?"

मी घड्याळाकडं बघितलं. चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

"अजून नाही," मी म्हटलं.

सिस्टरनंही घड्याळाकडं बघितलं. मग ती खुर्ची ओढून माझ्या खिडकीबाहेर बसली आणि पिशवीतून विणकाम काढलं.

यादी मी दोन दिवसांनी दिली. आक्काताईचं नाव होतं, हौसाबाईचं नव्हतं. तिनंच येऊन सांगितलं होतं, थोरलीचं लिवा, तिच्या दोन झाल्यात, माझं फुडं बगू. सप्टेंबरची तीस तारीख गुरुवारी आली. संध्याकाळी सगळे बिल्ले माझ्या खिडकीत जमा व्हायचे होते, पोत्यात भरून भंगारात जायचे होते. हौसाबाई रांगेत शेवटी उभी राहिली. तिची मूठ मिटलेली होती. तिनं ती खिडकीच्या फळीवर ठेवली, पण उघडली नाही. माझ्याकडं बघतही नव्हती. मी रजिस्टरमध्ये सत्तेचाळीस नंबरपुढं "हरवला" असं लिहिलं, आणि खिडकी लावून घेतली.

पुढचं वर्षभर आक्काताई आठवड्याचे सहाही दिवस आली. गळ्यात फोटोचं कार्ड, अंगठा मशीनवर. रोज काडीचीच ओवी. कधी गेटवर दोन मिनिटं थांबली तर वस्तीचं सांगायची. सकाळी भोकात आता भाकरीचा डबा असतो. धाकटीच्या चुलीवरची भाकरी. संध्याकाळी डबा परत ठेवायचा, पण रिकामा कसा ठेवायचा, म्हणून कधी चार वांगी, कधी शेंगा. एके दिवशी डब्यात भाकरी जास्त होत्या. आपल्या मालकांनी त्यातली एक न विचारता घेतली आणि खाल्ली, एवढं सांगून ती हसली होती. पगाराचं त्या दोघी काय करायच्या ते मी कधी विचारलं नाही. डिसेंबरात हौसाबाई एकटी चालत आरोग्य केंद्रावर जाऊन दुसरी सुई घेऊन आली होती. तिच्या नावाचा कागद तयार होता, पण एजन्सीची यादी बंद होती.

वर्ष पुरं झालं त्या शनिवारी आक्काताई माझ्या खिडकीशी आली. गळ्यातलं कार्ड काढून तिनं फळीवर ठेवलं. मला वाटलं, फोटो खराब झाला असेल.

"काम सोडायचं हाय," ती म्हणाली. "मान्साच्या जागी मानूस घेत्यात न्हवं? धाकटीचे कागद आनल्यात."

मी तिला समजावलं. अजून सहा-सात वर्षं तिला कुणी काढणार नव्हतं. पुन्हा घेतील याची खात्री नव्हती. ती पदराखालून हौसाबाईचे कागद काढून एकेक फळीवर मांडत राहिली. आधार, फोटो, लसीचा कागद. सगळ्यांवर एकच नाव, एकच तोंड.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, काम सोडण्याचं कारण. मी विचारलं, काय लिहू?

"लिवा," ती म्हणाली, "आता तिचा वार."

मी "घरगुती" असं लिहिलं. तिनं अंगठा लावला. निघताना खिडकीच्या गजातून हात घालून तिनं माझ्या गालावरून फिरवला, आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

सोमवारी सकाळी हौसाबाई नवं कार्ड घालून गेटात आली. मशीननं तिचा अंगठा घेतला. कार्ड तपासायला मी हातात घेतलं तर प्लास्टिकच्या पाकिटात काहीतरी जाड लागलं. उलटून बघितलं. तिच्या फोटोच्या पाठीमागं, घासून घासून कडा गेलेला, सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला होता.

मी कार्ड पुन्हा सुलटं केलं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, चला, भोंगा होईल.

आता मी त्या कारखान्यात नाही, तासगावातही नाही. कुठं बेदाणा दिसला की मूठभर हातात घेते आणि काडी शोधते. पण त्या दिवशी मी हजेरीचे कागद लावत बसले होते, दहा वाजले होते, आणि पत्र्याखालून आवाज घुमत आला, उंच, जरा कापरा:

नदीला गं दोन काठ, दोन्ही काठ शेजारी…

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. सोमवार होता.